एकशे वीस तास कुठे द्यायचे?

एम. एस्सी. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षातील माझी एक विद्यार्थिनी गेल्या जूनच्या अखेरीस आमच्या तालुक्याच्या नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात अभ्यासक्रमातल्या एकशे वीस तासांच्या कार्यप्रशिक्षणासाठी काम करत होती. मी तिची मार्गदर्शक शिक्षिका म्हणून भेट द्यायला गेले, तेव्हा तिच्यापुढे एक-एक लिटरची सहा चंचुपात्रे ओळीने मांडलेली होती आणि सहाही पात्रांत पहिल्या पावसानंतरचे तापीचे पाणी होते, रंग थेट दुधाच्या चहाचा. पहिल्या पात्रात लिटरमागे दहा मिलिग्रॅम तुरटी, दुसऱ्यात वीस, तिसऱ्यात तीस, अशी ती साठपर्यंत गेली होती. एक मिनिट जोरात आणि नंतर पंधरा-वीस मिनिटे सावकाश ढवळून झाल्यावर तिने पाणी स्थिर ठेवले. अर्ध्या तासाने चौथ्या पात्रातला गाळ कापसाच्या बोंडासारखे गोळे होऊन खाली बसला आणि वरचे पाणी नितळ झाले. पहिल्या दोन पात्रांतले पाणी तसेच गढूळ होते. पाचव्या आणि सहाव्या पात्रांतले पाणी चौथ्यापेक्षा काही अधिक स्वच्छ झाले नव्हते, म्हणजे तिथे घातलेली जास्तीची तुरटी वाया गेली होती. त्या दिवशी सगळ्या शहराच्या पाण्यात किती तुरटी घालायची हे त्या सहा पात्रांवरून ठरणार होते.

केंद्रातील जुन्याजाणत्या ऑपरेटर काकांनी तिला पहिल्याच दिवशी अहिराणीत सांगितले होते, "पयले पानी देख, मंग आकडा लिख." ते वाक्य तिने स्वतःच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले होते. दोन सत्रे मी तिला वर्गात जे शिकवले, त्यातले इतके नेमके वाक्य तिने कुठे लिहून ठेवले असेल असे मला वाटत नाही, आणि त्याचे मला वाईटही वाटले नाही.

ही जागा तिला कशी मिळाली, तिने आणि आम्ही त्यासाठी काय तयारी केली, आणि त्याआधीच्या वर्षी आमचे काय चुकले, हे सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांची नवी रचना लागू झाली आणि पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात चार श्रेयांकांचे (क्रेडिट्सचे) कार्यप्रशिक्षण, म्हणजे 'ऑन जॉब ट्रेनिंग', आले. विद्यार्थी त्याला 'ओजेटी' म्हणतात. एका श्रेयांकाला तीस तास, म्हणून चार श्रेयांकांचे एकशे वीस तास. रोज सहा तास धरले तर वीस दिवस होतात. हे वीस दिवस कुठे घालवायचे, हा प्रश्न जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या शेकडो मुलामुलींपुढे दर उन्हाळ्यात उभा राहतो, आणि बहुतेकांपुढे तो एप्रिलमध्ये उभा राहतो, जेव्हा फार उशीर झालेला असतो.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनी १९०६ मध्ये २७ विद्यार्थ्यांना घेऊन असा अभ्यासक्रम सुरू केला. विद्यार्थी एक आठवडा वर्गात आणि एक आठवडा कारखान्यात जात, आणि जोड्या अशा लावलेल्या असत की एक जण वर्गात असताना दुसरा त्याच्या जागी कारखान्यात काम करी, त्यामुळे कारखान्याचे काम कधी अडत नसे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठ तर १९५७ मध्ये याच पायावर उभे राहिले. तिकडे या पद्धतीला 'को-ऑपरेटिव्ह' शिक्षण म्हणतात. आम्हा खानदेशातल्या लोकांना सहकार हा शब्द परका नाही. दूध संघ, सूतगिरणी, साखर कारखाना, विकास सोसायटी यांच्यामुळे तो आमच्या घराघरांत पोहोचलेला आहे, आणि सहकारात नुसते घेता येत नाही, भाग भांडवलही भरावे लागते, हे आमच्या आजोबांनाही ठाऊक होते. ओजेटीचा विचार करताना नेमकी हीच गोष्ट आपण विसरतो. विद्यार्थी जागा मागायला जातो, पण त्या ठिकाणी कोणते काम माणसांअभावी पडून आहे, आणि ते आपल्या एकशे वीस तासांत उरकण्यासारखे आहे का, हे तो विचारत नाही. मला या लेखात जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. बाकी सारे तपशील त्यातूनच निघतात.

पहिल्या वर्षी मीही हे ओळखले नव्हते. औद्योगिक वसाहतीतल्या वीस-बावीस कंपन्यांचे पत्ते जमवून मी एकाच मजकुराचे ई-मेल सर्वांना पाठवले, आणि एकाही ठिकाणाहून उत्तर आले नाही. मे महिना अर्धा सरला तसे विद्यार्थी घाबरले. त्यांच्यापैकी काही जणांनी एका ऑनलाइन संस्थेकडे पैसे भरून प्रशिक्षण 'पूर्ण' केले. काही ध्वनिचित्रफिती पाहायच्या, शेवटी वीस प्रश्न सोडवायचे, आणि सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र छापून घ्यायचे, एवढेच त्या प्रशिक्षणाचे स्वरूप होते. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यातल्या एका मुलाला अगदी साधा प्रश्न विचारला, "तुम्ही जिथे काम केले तिथे सकाळी पहिले काम कोणते असायचे?" तो मुलगा खाली मान घालून उभा राहिला. त्याच्या अर्जावर माझी सही होती. त्याचे वडील शेतमजुरी करतात, आणि त्या प्रमाणपत्रासाठी भरलेली रक्कम त्यांच्या कितीतरी दिवसांची मजुरी होती. त्या दिवसाची खंत अजून गेलेली नाही, आणि म्हणूनच प्रशिक्षणासाठी विद्यार्थ्याकडून पैसे मागणाऱ्या कोणत्याही ठिकाणाच्या अर्जावर मी आता सही करत नाही.

दुसऱ्या वर्षी आम्ही शोध डिसेंबरातच सुरू केला आणि सुरुवात पंचांग मांडून केली. खानदेशातले उद्योग हंगामी आहेत, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडलेली असते की जागा शोधताना तीच नेमकी ध्यानात येत नाही. कापसाचे जिनिंग-प्रेसिंग दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर थंडावते. साखर कारखान्यांचा गाळप हंगामही मे महिन्यापर्यंत संपलेला असतो. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत घातलेली दिसते ती हिवाळ्यात. आमची सत्रपरीक्षा संपून विद्यार्थी मोकळे होतात ते मे महिन्यात, तेव्हा त्यांनी या ठिकाणी जाऊन बंद यंत्रे पाहण्याखेरीज दुसरे काय करायचे? याउलट दूध संघ, जलशुद्धीकरण केंद्रे, डाळ मिल, पाइप आणि ठिबकचे कारखाने आणि शीतगृहे बाराही महिने चालू असतात. माती परीक्षण प्रयोगशाळांची तर खरिपाच्या आधी, म्हणजे नेमकी मे-जूनमध्येच, सर्वांत मोठी धावपळ असते.

माती परीक्षणाविषयी थोडे अधिक लिहिते, कारण रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी याहून चांगली जागा तालुक्याच्या पातळीवर क्वचितच सापडेल. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली आणि त्या पत्रिकेवर बारा घटकांची नोंद असते: सामू (पीएच), विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, आणि जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज) व बोरॉन ही सूक्ष्म अन्नद्रव्ये. विद्यार्थी पदवीच्या तीन वर्षांत जी जी तंत्रे शिकतो, ती जवळजवळ सगळी या बारा ओळींत येतात. अनुमापन आहे, रंगमापन आहे, ज्वालाप्रकाशमापन आहे, सामूमापक आहे. शिवाय नमुन्याच्या पिशवीवर शेतकऱ्याचे नाव आणि गट क्रमांक असतो. महाविद्यालयातल्या अज्ञात द्रावणाचे उत्तर चुकले तर दोन गुण जातात. इथे चुकले तर कुणाच्या तरी केळीला किंवा कपाशीला नको तितके खत पडते. ही जाणीव झाली की विद्यार्थ्याचा हात आपोआप सावकाश चालू लागतो.

ज्यांना मोठ्या आस्थापनांत जायचे आहे त्यांनी आणखी आधी हालचाल करायला हवी. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक विद्युत केंद्रात किंवा भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणीत परवानगीची प्रक्रिया लांबते, ओळखपत्रे आणि कागदपत्रे तपासली जातात, आणि एप्रिलमध्ये दिलेल्या अर्जाला मे महिन्यात होकार मिळेल अशी अपेक्षा ठेवणे बरोबर नाही. वनस्पतिशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी जळगाव परिसरातील केळीच्या ऊतिसंवर्धनाच्या (टिश्यू कल्चरच्या) प्रयोगशाळा फार मोलाच्या आहेत. तिथे निर्जंतुकतेची शिस्त इतकी कडक असते की नवख्याला थेट रोपांना हात लावू देणार नाहीत, हे मनाशी धरूनच जावे आणि रोपे वाढवण्याचे माध्यम तयार करणे, बाटल्या धुणे, दूषित झालेल्या बाटल्या वेगळ्या काढून त्यांची नोंद ठेवणे ही कामे कमीपणाची मानू नयेत.

आता अर्जाविषयी लिहिते. खासगी कंपनीत ई-मेल चालतो, पण सरकारी आणि निमसरकारी कार्यालयात कागदच चालतो, आणि तोही रीतसर. जलशुद्धीकरण केंद्रासाठी आम्ही नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावे मराठीत विनंती अर्ज लिहिला, सोबत प्राचार्यांच्या सहीचे शिफारसपत्र जोडले, आवक-जावक विभागात तो देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. हा आवक क्रमांक फार महत्त्वाचा आहे. चार दिवसांनी जाऊन "साहेब, अर्ज दिला होता" असे म्हणणारा आणि "अमुक तारखेचा अमुक आवक क्रमांक, तो कोणत्या टेबलावर आहे?" असे विचारणारा, या दोघांना मिळणारी उत्तरे वेगळी असतात. आमचा अर्ज पाणीपुरवठा अभियंत्यांकडे गेला आहे असे तिसऱ्या खेपेला कळले. ते भेटले, आणि आम्ही जागेची गोष्ट काढण्याआधी त्यांना विचारले की केंद्रात असे कोणते काम आहे जे करायची इच्छा आहे पण माणूस नाही. त्यांनी कपाटाकडे बोट दाखवले. रोजच्या तुरटीच्या मात्रेच्या आणि गढूळपणाच्या नोंदींची तीन वर्षांची रजिस्टरे तिथे रचलेली होती. नोंदी रोज होत होत्या, पण त्या एकत्र करून कुणी पाहिल्या नव्हत्या. विद्यार्थिनीला पुढच्या आठवड्यापासून बोलावण्यात आले.

जागा पक्की झाल्यावर तयारी सुरू होते, आणि या तयारीत मी आता एका कागदाला सर्वांत अधिक महत्त्व देते. त्या कागदाच्या मध्यभागी एक उभी रेघ मारायची. डावीकडे 'पाहिले आहे' आणि उजवीकडे 'स्वतः केले आहे' असे लिहायचे. मग पदवीपासून आजपर्यंत जी उपकरणे आणि पद्धती अभ्यासल्या, त्या प्रामाणिकपणे दोन बाजूंना वाटायच्या. बहुतेकांची डावी बाजू भरगच्च होते आणि उजवीकडे पाच-सहा ओळी येतात. त्या पाच-सहा ओळीच खऱ्या परिचयपत्रात लिहाव्यात, आणि तपशिलाने लिहाव्यात. 'प्रयोगशाळेतील उपकरणांचे ज्ञान' या मोघम शब्दांना काही अर्थ नाही. '४, ७ आणि ९.२ सामूची प्रमाण द्रावणे वापरून सामूमापक स्वतः जुळवला आहे' हे वाक्य वाचून समोरच्या रसायनज्ञाला लगेच कळते की या मुलीच्या हाती काय देता येईल. डावीकडच्या ज्या दोन-तीन गोष्टी त्या ठिकाणी नक्की लागणार आहेत, त्या जाण्याआधी आमच्या प्रयोगशाळेत पुन्हा करून घ्यायच्या. यासाठी मी मार्च महिन्यातल्या शनिवारी दुपारी प्रयोगशाळा उघडी ठेवते.

मुलाखत म्हणावी अशी मुलाखत आपल्या भागात क्वचितच होते. बहुधा प्रयोगशाळेत उभ्या-उभ्या दोन-चार प्रश्न विचारले जातात, आणि ते पुस्तकातल्या व्याख्यांचे नसतात. दुधाच्या प्रयोगशाळेत गेलेल्या आमच्या एका विद्यार्थ्याला तिथल्या रसायनज्ञ ताईंनी दुधातले स्निग्धांश मोजण्याविषयी विचारले, "गर्बर पद्धतीत ब्युटिरोमीटरमध्ये आधी आम्ल का घालतात, आधी दूध का नाही?" त्याला १० मिलिलिटर गंधकाम्ल, १०.७५ मिलिलिटर दूध आणि १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल हे आकडे पाठ होते, पण 'का' हा प्रश्न त्याच्या मनात कधी आलाच नव्हता. त्याने तसे स्पष्ट सांगितले. मग ताईंनी त्याला नळीच्या कडेने दूध सोडायला लावले आणि हलके दूध जड आम्लावर वेगळा थर धरून कसे राहते, दोन्ही एकदम मिसळून दूध का करपत नाही, हे दाखवले. माहीत नाही असे सरळ सांगितल्यामुळे त्याचे काही बिघडले नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून त्याच्या हाती नमुने आले. अहिराणी किंवा तावडी बोलणारी आमची मुले प्रमाण मराठीत आणि इंग्रजीत उत्तर द्यायचे म्हटले की गप्प होतात. त्यांना मी सांगते की प्रश्न ज्या भाषेत आला त्या भाषेत उत्तर द्या, आणि रसायनांची नावे पुस्तकातल्यासारखी बिनचूक म्हणा.

सुरक्षिततेची तयारी मात्र आम्ही कोणाच्या मर्जीवर सोडत नाही. बंद बूट, सुती कपडे, डोळ्यांवर चष्मा, आणि जिथे जाणार तिथला सर्वांत घातक पदार्थ कोणता हे पहिल्याच दिवशी विचारायचे. जलशुद्धीकरण केंद्रात तो क्लोरीन असतो. वायूची गळती शोधण्यासाठी अमोनियात भिजवलेला कापूस जोडांजवळ फिरवतात आणि गळती असेल तिथे अमोनियम क्लोराइडचा पांढरा धूर दिसतो. ही अभिक्रिया आमच्या विद्यार्थिनीने अकरावीपासून कितीदा तरी लिहिली होती. ऑपरेटर काकांच्या हातातला कापसाचा बोळा आणि त्यावर उठलेली ती पांढरी रेघ पाहिल्यावर ती समीकरण लिहायचे सोडून आधी वारा कुठल्या दिशेने वाहतो ते पाहू लागली.

पुण्याचा विषय टाळता येणार नाही. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना ओजेटीसाठी पुण्याला किंवा नाशिकला जायचे असते, आणि त्यांची ओढ मला समजते. ज्या विद्यार्थ्याला औषधनिर्मितीतच पुढे जायचे आहे, ज्याचे तिथे राहण्याचे ठिकाण आहे आणि ज्याला नेमके काम लेखी मिळाले आहे, त्याने जरूर जावे. पण वीस दिवसांसाठी खोलीचे भाडे, खानावळ आणि प्रवास यांवर पैसे घालवून, प्रत्यक्षात कोपऱ्यात बसून फायली चाळणारी मुले मी पाहिली आहेत, आणि तेवढ्याच दिवसांत गावाजवळच्या प्रयोगशाळेत दीड-दोनशे नमुने हाताखालून घालणारी मुलेही पाहिली आहेत. मुलींच्या बाबतीत घरच्यांची परवानगी हा वेगळा प्रश्न असतो. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे झाल्याने रोजचे येणे-जाणे सोपे झाले आहे, तरी भर मे महिन्यात भुसावळ-जळगावचे ऊन डोक्यावर घेऊन दुपारच्या बसची वाट पाहणे सोपे नाही. सकाळी सात ते दुपारी एक ही पाळी मिळेल का, हे मी स्वतः त्या-त्या ठिकाणी विचारते, आणि बहुतेक ठिकाणी लोक समजून घेतात. एका मुलीच्या आईला मी केंद्र दाखवायलाच घेऊन गेले होते. तिथले पाणी आपल्याच घरी येते हे कळल्यावर त्यांनी दुसरा कोणताही प्रश्न विचारला नाही.

योजनांच्या नावांमुळे फार गोंधळ होतो, म्हणून थोडक्यात लिहून ठेवते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना, जिच्यात आघाडीच्या ५०० कंपन्यांत १२ महिने आणि दरमहा ५,००० रुपये असे स्वरूप ठरले, ती २१ ते २४ वयोगटातील आणि पूर्णवेळ शिक्षण न घेणाऱ्या तरुणांसाठी तेव्हा आखलेली होती. राज्याची २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही शिक्षण चालू असणाऱ्यांसाठी नाही. या दोन्हींची वाट पाहत ओजेटी लांबवू नये. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ ची गोष्ट मात्र पदवी हाती आल्यावर उपयोगी पडेल. ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, आणि जिथे ओजेटीत तुमचे काम लोकांनी पाहिले आहे, तिथेच ही चौकशी आधी करावी.

त्या विद्यार्थिनीने तीन वर्षांची रजिस्टरे संगणकावर उतरवली. गढूळपणा कमी असलेल्या हिवाळ्याच्या महिन्यांतही तुरटीची मात्रा बरेचदा पावसाळ्याच्या सवयीनेच चालू राहिल्याचे तिच्या आलेखात दिसले. अभियंत्यांनी तो आलेख केंद्राच्या भिंतीवर लावला. डिसेंबरात त्यांचा मला फोन आला. पुढच्या वर्षी विद्यार्थी द्या, पण मे महिन्यात नको, जुलै-ऑगस्टमध्ये द्या, कारण पाणी खरे बदलते ते तेव्हा. आमच्या विद्यार्थिनीचे तास लांबल्यामुळेच तिला पहिल्या पुराचे पाणी पाहायला मिळाले होते, हे त्यांच्याही लक्षात होते. वेळापत्रकाप्रमाणे जुलैत तिसरे सत्र सुरू झालेले असते. म्हणून मी विभागाच्या अभ्यास समितीकडे लेखी विनंती केली आहे की एकशे वीसपैकी साठ तास उन्हाळ्यात आणि उरलेले साठ तास पावसाळ्यातल्या दहा शनिवारी सहा-सहा तास असे वाटून घेण्याची मुभा द्यावी, आणि दोन विद्यार्थ्यांची जोडी करून एकाआड एक शनिवार नेमण्याचा पर्यायही त्यात सुचवला आहे. अर्जाचा आवक क्रमांक वहीत लिहून ठेवला आहे, आणि सोमवारी तो कोणत्या टेबलावर आहे ते विचारायला जाणार आहे.